म्हशीवरच लिहा

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. वय ३७. कॉलेजात असताना कविता लिहायचो, वार्षिक अंकात छापूनही आल्या होत्या. पुढं नोकरी, लग्न, पोरं, आणि लिहिणं थांबलं ते थांबलंच. गेल्या आषाढात वडील वारले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तेव्हापासून संस्थेच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर परत लिहायला लागलोय. घरात एक म्हैस आहे, तिची धार अण्णाच काढायचे. ते गेल्यावर पंधरा दिवस तिनं कुणाच्या हाताला नीट पान्हा सोडला नाही, दूध दोन लिटरनं उतरलं. दुधाचं खातं अण्णांच्याच नावावर. रोज सकाळी त्यांच्या नावापुढं तो कमी झालेला आकडा मीच माझ्या हातानं लिहीत होतो. असो, हे विषयांतर झालं.

सोबत एक कविता पाठवतो:

आठवणींच्या सागरात मन माझे बुडून जाते,
तुझ्याविना हे जीवन आता शून्य भासू लागते,
सावली तुझी हरवली, उरले केवळ ऊन,
बाबा, तुझ्या मायेला मी मुकलो कायमचा इथून.

गावच्या ग्रुपवर टाकली तर हात जोडलेली चित्रं पुष्कळ आली. पण संस्थेत दूध घालायला येणारी पोरं म्हणतात, “काय कविराज, आता म्हशीवर एक होऊन जाऊ दे की!” मेहुणे म्हणाले, त्यापेक्षा शेअर मार्केट शिका. बायको वाईट बोलत नाही, पण “रात्रीचं लाईट जाळत काय बसता” म्हणते. एका प्रकाशनाचा फोन आलाय, दीड हजार रुपये भरले तर प्रातिनिधिक संग्रहात कविता छापतो, प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्ह देतो म्हणतात. भरू का? आणि खरं विचारायचं ते हे, की माझ्यासारख्या माणसाला या कवितेचा उपयोग काय? मी काही मोठा कवी होणार नाही. मग बंद करावं का?

— एक सचिव, करवीर तालुका

भाऊ,

तुमचं पत्र आणि तुमची कविता, दोन्ही मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्र फार चांगलं आहे. कविता तेवढी चांगली नाही. तुम्हाला वाईट वाटेल, तरी हे आधीच सांगते, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या दोहोंमधल्या फरकात आहेत.

कवितेच्या चार ओळी बघा. आठवणींचा सागर, शून्य जीवन, हरवलेली सावली, उरलेलं ऊन. तुमचं दुःख खरं आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण या ओळी कुणाच्याही वडिलांना लागू पडतात. ज्यानं उभ्या आयुष्यात म्हशीच्या अंगाला हात लावला नाही अशा माणसाच्या वडिलांनाही. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर नुसता फोटो बदलून त्या लावता येतील, आणि आपल्या कोल्हापुरात तशा लागतातही. पत्रात तुम्ही वडिलांना अण्णा म्हणता, कवितेत ते बाबा झालेत. का हो? अण्णा म्हटलं तर कविता गावंढळ होईल असं वाटलं का? घरातून इतकी वर्षं ज्या हाकेला ओ मिळाली, ती हाक कवितेच्या दारात चप्पल काढून ठेवल्यासारखी बाहेरच ठेवलीत तुम्ही.

आणि ज्याला तुम्ही विषयांतर म्हणालात ते बघा. म्हशीनं पंधरा दिवस पान्हा सोडला नाही. दोन लिटर दूध उतरलं. खातं वारलेल्या माणसाच्या नावावर, आणि तो उतरलेला आकडा रोज सकाळी त्यांच्याच मुलाला लिहावा लागतोय, कारण तो संस्थेचा सचिव आहे आणि ते त्याचं काम आहे.

यात दुःख हा शब्द कुठंच नाही. आठवण हा शब्दही नाही. तरी वाचताना मी थांबले. अण्णांचा हात कसा होता हे मला कळलं, कारण म्हशीला दुसरा हात चालला नाही. तुमच्या घरात किती पोकळी झाली हे कळलं, कारण ती लिटरमध्ये मोजता आली. आणि तुम्ही रडला असाल की नाही हे तुम्ही सांगितलं नाहीत, पण रांगेत किटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर तोंडावर काही न दाखवता तुम्ही तो आकडा लिहिलात, एवढं मला दिसलं. ही कविता आहे, भाऊ. तुमची ती लिहून झाली आहे. फक्त “असो” म्हणून तिच्यावर काट मारलीत.

तेव्हा संस्थेतली पोरं थट्टेनं जे म्हणाली ते मी मनापासून सांगते. म्हशीवरच लिहा.

आता उपयोगाचं बोलू. हा प्रश्न मला फार जण विचारतात, आणि विचारणाऱ्याला बहुधा पैशाचं उत्तर हवं असतं. पैसा कवितेत नाही, हे मेहुण्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. पण तुम्ही स्वतः आकड्यांच्या कामात बसलेले आहात, म्हणून तुम्हाला हे लवकर पटेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुराची पातळी सरकारी नोंदीत आहे, ती शंभर वर्षांनीही सापडेल. पण रात्री पाणी गोठ्यात आलं तेव्हा दावी कुणी सोडली, दावं सुटूनही कुठली म्हैस दावणीपासून हलेना, माळ्यावर पहिल्यांदा काय चढवलं, धान्याचं पोतं की पोरांची दप्तरं की सासूबाईंची ट्रंक, हे कुठल्या नोंदीत आहे? तुमच्या गावातल्या ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्याबरोबर जाईल. तुमच्या रजिस्टरला पुढच्या बाजूला अण्णांचं दूध किती लिटरनं उतरलं ते राहील. का उतरलं ते मागच्या पानांवर तुम्ही लिहिलं तरच राहील.

हा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो. आपण ज्या घरात, ज्या कामात, ज्या माणसांत दिवस काढतो त्यांच्याकडं नीट बघायला कविता भाग पाडते. रोज दिसणाऱ्या गोष्टी आपण बघायचं सोडून देतो. लिहायला बसलं की प्रश्न पडायला लागतात. अण्णा धारेला बसताना आधी काय करायचे? कासेवर पाणी मारताना म्हशीशी काही बोलायचे का? कुठल्या नावानं हाक मारायचे तिला? ते गेल्यावर कुणी त्यांची बंडी अंगात घालून धारेला बसून बघितलं का? वासानं म्हशीला फसवायची ही युक्ती मी ऐकलेली आहे, तुमच्याकडं झाली का ते तुम्हालाच ठाऊक. अशी पाच-सहा उत्तरं खरी खरी लिहिलीत तर अण्णांबद्दल तुम्हाला आज जेवढं माहीत आहे त्याहून जास्त कळेल. आईला विचारावं लागेल. आई सांगताना कदाचित तुम्हाला कधीच न सांगितलेलं काही सांगून जाईल.

कविता ही रिकाम्या, सुखवस्तू माणसाची गोष्ट आहे, हा समज मराठी माणसानं कसा काय करून घेतला हे मला कळत नाही. आपली जुनी आणि टिकलेली कविता पुष्कळशी कामकरी माणसांची आहे. सावता माळ्यानं मळ्यातली भाजी अभंगात आणली. नरहरी सोनारानं मूस आणि हातोडा आणला. सेना न्हाव्यानं आरसा आणि चिमटा आणला. जनाबाई दळता-कांडतानाच विठ्ठलाशी बोलली. यांतल्या कुणीही कविता करायची म्हणून आपला धंदा आणि आपले शब्द बाजूला ठेवले नाहीत. उलट धंद्यातलीच हत्यारं हातात घेऊन देवाशी बोलले. मग दूध संस्थेच्या सचिवानं फॅट, डिग्री (दुधाचा कस मोजायची मापं), किटली आणि दहा दिवसांचं बिल हे शब्द कवितेत आणले तर बिघडतं कुठं?

आणि ज्यांना लिहिताच येत नव्हतं त्या बायांचं काय सांगू? गी प्वाटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. लाखाच्या वर! पहाटे उठून दळायला बसलेल्या बायकांनी, भाऊ माहेरी नेईना, नवरा बोलेना, लेक सासरी गेली, पाऊस लांबला, असं सगळं त्यात घातलं. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या जे म्हणत ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या आणखी एकानं उतरवून घेतलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्याचं पुस्तक होऊ शकलं. बहिणाबाईंनी ते पुस्तक पाहिलंच नाही. त्यांचं म्हणणं मात्र पुस्तकाच्या आधीही पूर्ण होतं, त्यांच्या कामाला आणि दुःखाला ते रोज पुरत होतं. मोठा कवी होणार नाही म्हणून बंद करावं का, असं तुम्ही विचारता. ओव्या म्हणणाऱ्या एकाही बाईनं हा प्रश्न स्वतःला विचारला नसावा.

दुःखाचं एक वेगळं बोलायला हवं, कारण तुम्ही वडील गेल्यावर लिहायला लागलात. मनातलं कागदावर उतरवल्यानं बरं वाटतं का, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्याबरोबर १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं होतं. काहींनी नुसत्या वरवरच्या विषयावर लिहिलं. जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल काय घडलं आणि त्या वेळी काय वाटलं, असं दोन्ही ज्यांनी लिहिलं त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण कमी राहिलं. त्यानंतर असे पुष्कळ अभ्यास झाले, आणि त्यांचा एकत्र विचार केला तर फायदा दिसतो, पण तो थोडा असतो, सगळ्यांना सारखा होत नाही. म्हणून कवितेनं दुःख बरं होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. लिहून उठल्यावर कधी कधी जास्त जड वाटेल, ते साहजिक आहे, घाबरू नका. मात्र झोपच लागेना, जेवण जाईना, कामात लक्ष राहीना, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांकडं जा. ते काम कवितेवर टाकू नका.

घडलं काय आणि वाटलं काय, ही दोन्ही अंगं लक्षात ठेवा. तुमच्या कवितेत नुसतं वाटणं आहे. पत्रातल्या त्या वाक्यांत घडणं आहे, आणि वाटणं त्याच्या पोटात आपोआप आलं आहे.

आता कसं लिहायचं ते. मुक्तछंदात लिहायला माझी ना नाही, पण तुम्ही इतक्या वर्षांनी परत सुरुवात करताय, तर काही दिवस छोट्या अभंगाच्या मापात लिहून बघा. आठ अक्षरांचा एक चरण, आठांचा दुसरा, शेवटी यमक. जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजता येतं, गाडी चालवतानाही जुळवता येतं, कागद लागत नाही. मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ते नंतर. तुमच्याच मजकुरावरून मी एक करून दाखवते:

म्हैस चोरतिया पान्हा
शोधी हात तुझा अण्णा

यमक काटेकोर नाही, कानाला चालतं. पण बघा, आठच अक्षरं मिळतात म्हटल्यावर सागर, शून्य, जीवन यांना जागाच उरत नाही. म्हैस, पान्हा, हात, अण्णा एवढेच आत येतात. मापाचा हा गुण आहे, फालतू शब्द ते बाहेर काढतं. ही ओळ माझी झाली, तुम्ही ती मोडा. तुम्ही अण्णांना अहो-जाहो करत असाल तर “तुझा” तुम्हाला खटकेल, मग तिथं दुसरं काही शोधा. रजिस्टरातल्या आकड्याच्या कडव्यांना तर मी हातच लावत नाही. ती तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाहीत.

भाषा घरची ठेवा. कवितेत “भासू लागते” आणि पत्रात “उतरलं, घालायला, लिहायला लागलोय”, अशी दोन माणसं तुमच्यात कशाला? आपल्याच जिल्ह्यात कागलचे आनंद यादव होऊन गेले. त्यांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ साली आली. ती शेतावर राबणाऱ्या गड्याच्या तोंडून, गावच्या बोलीत सांगितलेली आहे, आणि त्या गड्याचा जीव मळ्यातल्या जनावरांत गुंतलेला आहे. तुम्ही वाचली नसेल तर आधी ती वाचा. जनावरावरची माया आपल्याच बोलीत किती खोलवर लिहिता येते हे तुम्हाला तिथं दिसेल. कॉलेजात तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल की साहित्याची भाषा शुद्ध पाहिजे. मी वर्गात उभी राहून अनेक वर्षं मराठी शिकवलं आहे, आणि सांगते की अर्ज शुद्ध पाहिजे, अहवाल शुद्ध पाहिजे, कविता खरी पाहिजे.

अर्ज-अहवालावरून आठवलं. तुमच्या कामातही हे लिहिणं उपयोगी पडेल. वार्षिक सभेचा अहवाल तुम्हीच लिहीत असणार. फॅट कमी लागली म्हणून भांडायला आलेल्या म्हाताऱ्याला समजावून तुम्हीच सांगत असणार, दूध संघाला तक्रारीचं पत्र तुम्हीच लिहीत असणार. ज्याला एक नेमका शब्द सापडेपर्यंत दहा शब्द खोडायची सवय लागली, त्याचं तक्रारीचं पत्र अर्ध्या पानात संपतं आणि वाचणाऱ्याला कळतं.

बायकोबद्दल. त्या विरोधात आहेत असं मला पत्रावरून अजिबात वाटलं नाही. दिवसभर संस्था, संध्याकाळचं संकलन, आणि रात्री उरलेला तासभर नवरा पाठ फिरवून रजिस्टरात डोकं घालून बसतो, तर दुसरं कोण काय म्हणेल? लाईटचं बिल ही बोलायला सापडलेली गोष्ट आहे. त्यांना कविता वाचून दाखवायच्या आधी त्यांच्याजवळ काय आहे ते विचारा. गौरीची गाणी त्यांना येत असतील, पंचमीला फेर धरून म्हटलेली गाणी येत असतील. लग्नात त्यांनी तुमचं नाव घेतलं असेल, तो उखाणा कुणाचा होता, आईनं शिकवलेला की स्वतः जुळवलेला? त्यांच्या आजीच्या ओव्यांपैकी काही आठवतात का? त्यांनी सांगावं, तुम्ही लिहून घ्यावं, एवढंच करा महिनाभर. तुमच्या घरात तुमच्या कवितेच्या कितीतरी आधीपासून कविता आहे, आणि ती बहुतेक बायकांच्या बाजूनं आलेली आहे. ती उतरवून घेताना तुम्हाला लय आपोआप कळेल, जी मी पत्रातून शिकवू शकत नाही. आणि रात्रीचा तो तास दोघांचा होईल. मुलांनाही जवळ बसवा, एखादं गाणं त्यांनी लिहून घेऊ दे. मराठीच्या तासाला निबंध घोकणाऱ्या पोराला आपल्या आजीच्या ओवीतला शब्द विचारावा लागला तर त्याचं फार भलं होईल.

गावच्या ग्रुपवर कविता टाकणं काही काळ थांबवा. जोडलेले हात वाईट नसतात, माणसं प्रेमानंच ते पाठवतात, पण ते अण्णांच्या फोटोसाठी असतात, ओळींसाठी नसतात. त्यातून कुठली ओळ जमली आणि कुठली फसली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा एक वाचक शोधा. जो न लाजता सांगेल की इथं मी अडलो, इथं मला कंटाळा आला. गावच्या शाळेतले एखादे गुरुजी असतील, कॉलेजातला जुना मित्र असेल. मला कुणी विचारलं तर मी दूध घालायला येणाऱ्या त्याच पोरांतला एक निवडीन. जो तुम्हाला म्हशीवर लिहा म्हणाला त्याला त्या पंधरा दिवसांची कविता वाचून दाखवा. त्याच्या घरी गोठा आहे, पान्हा चोरणं म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही, आणि एखादा तपशील चुकला तर तो पहिला हटकेल.

लिहायची वेळही जरा बदलून बघा. रात्री थकलेल्या डोक्यात आधी तयार शब्द येतात, सागर आणि शून्य तिथूनच आले असावेत. सकाळचं संकलन संपून कॅन गाडीत चढले की हिशेब जुळवायला बसण्याआधी थोडा वेळ मिळत असेल. त्या सकाळी जे पाहिलं त्यातली एक गोष्ट लिहा. कुणाची किटली गळकी होती. कोण आज पहिल्यांदा नातवाला घेऊन आलं. कुणाचं दूध एकाएकी बंद झालं आणि त्यानं कारण सांगितलं नाही. कविता व्हायलाच पाहिजे असं नाही, दोन ओळींची नोंद पुरे. फक्त त्यात लोकांची खासगी दुःखं असतील तर ती वही संस्थेत ठेवू नका. सचिवाच्या टेबलावरचं रजिस्टर कुणीही उघडतं. यासाठी एक वेगळी दोनशे पानी वही घ्या, आणि मागच्या पानांवरचं आजवरचं सगळं, न आवडलेलंसुद्धा, तिच्यात उतरवून ठेवा. जुनी रजिस्टरं कधीतरी रद्दीत जातात.

राहिला दीड हजारांचा प्रश्न. भरू नका. प्रातिनिधिक म्हणून निघणाऱ्या अशा संग्रहांत निवड बहुधा पैसे कोण भरतो यावर होते, आणि ते पुस्तक ज्यांच्या कविता त्यात आहेत त्यांच्याखेरीज फारसं कुणी वाचत नाही. सन्मानचिन्ह चार दिवस टीव्हीजवळ राहतं. कविता छापायला कवीनं पैसे द्यायचे नसतात, ही साधी अट आयुष्यभर पाळा. फोन परत आला तर नम्रपणे नाही म्हणा, कारण सांगत बसू नका. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्याच्या सुमारास साहित्य मागवतात. तोवर चार-पाच कविता पक्क्या झाल्या तर त्यांतल्या तीन सुवाच्य अक्षरात किंवा टाईप करून एका अंकाला पाठवा, आपल्याजवळ प्रत ठेवा. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या अंकाला पाठवा. आणि त्या दीड हजारांतून आधी वाचनालयाची वर्गणी भरा. कोल्हापुरात कामाला येणं होत असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालापासून चालू आहे. गावाजवळ दुसरं असेल तर तेही चालेल. ‘गोतावळा’ तिथून आणा, वाचून झाली की मला परत लिहा. सोबत नवी कविता पाठवा, अण्णा या नावानं.